राखेवर उलटा हात

दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला तेव्हा मी मस्कतच्या रुवी भागात बसस्टँडमागच्या दुकानातून इडल्या बांधून घेत होतो. त्या म्हणाल्या, गायकवाड, तुम्ही लेकीकडे तीन महिने अमेरिकेत राहून आलात, शिवाय तुमचा जन्म कचऱ्यात गेलाय, तेव्हा तिकडच्या मोठमोठ्या शहरांच्या स्वच्छतेवर एक छान तुलनात्मक लेख द्या. जन्म कचऱ्यात गेलाय हे त्या अगदी कौतुकानं म्हणाल्या. मीही इडल्यांच्या नादात हो म्हणून मोकळा झालो.

लिहायला बसल्यावर पंचाईत झाली. अमेरिकेबद्दल खरं लिहायचं तर आधी मस्कतमधल्या हमरिया वस्तीबद्दल लिहावं लागतं. कारण मी अमेरिकेत जे पाहिलं आणि ज्याला भुललो, त्यापायी हमरियातल्या एका ड्रायव्हरची बावीस वर्षांची नोकरी जाणार होती. तो चुकलेला नव्हता. चुकलो होतो मी. तेव्हा बाईंनी माफ करावं, तुलना येईल, पण माझ्या पद्धतीनं येईल.

आधी धंदा समजून घ्या. शहर स्वच्छ म्हणजे झाडलेलं, असं लोकांना वाटतं. झाडणं त्यातलं सोपं काम. झाडलेलं आणि घराघरांतून आलेलं उचलायचं कुठून, किती वाजता, कोणत्या गाडीनं, सगळी मेख तिथं आहे. मस्कतच्या जूनमध्ये माशाचं डोकं सकाळी कुंडीत पडलं तर दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला त्याची ओळख होते. त्यामुळे आमच्या गाड्या पहाटे निघतात. मागच्या तोंडानं कुंडी उचलून पोटात रिकामी करणारी आणि आतला कचरा दाबणारी जी गाडी असते तिला कॉम्पॅक्टर म्हणतात. तिच्यावर एक ड्रायव्हर, दोन हेल्पर. आमच्यासारखे ऑपरेशन्सवाले एसीत बसून नकाशावर रेघा मारतात. पण कोणतं दुकान काय टाकतं, कोण झाकण उघडं ठेवतं, कुठं मांजरी व्यायल्यात, हे सगळं ड्रायव्हरला माहीत असतं. आम्ही त्याला विचारत नाही, एवढीच काय ती अडचण.

मी या धंद्यात ठरवून आलो नाही. पुण्यात येरवड्याला वाढलो, सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि ओमानला रस्त्यांच्या कामावर सुपरवायझर म्हणून आलो. ते कॉन्ट्रॅक्ट खलास झालं तेव्हा एका सफाई कंपनीला माणसं हवी होती. गेलो आणि रमलो. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, पण मला वाटायची. कारण माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, ते पुणे महापालिकेत झाडूवाले होते. पहाटे आरोग्य कोठीवर हजेरी, मुकादमाच्या शिव्या, मग खराटा आणि ढकलगाडी. आमच्या घराण्याला हे काम जातीनं चिकटवलेलं होतं आणि ते सुटावं म्हणून दादांनी मला शिकवलं. डिप्लोम्याचा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, "खराटा माझ्याबरोबर संपला."

आता अशा माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की दादा, मी विमानात बसून परत कुंडीपाशीच आलो? मी कळवलं, रस्त्यांचंच काम आहे. ते खोटं नव्हतं, कुंड्या रस्त्यावरच असतात. इकडे कंपनीत कुणी विचारलं तर सांगायचो, वडील महापालिकेत होते. लोक समजायचे कारकून असतील. दादांपासून माझं काम लपवलं आणि कामावर दादांना लपवलं. अठरा वर्षं हा संसार बिनबोभाट चालला.

तर अमेरिका. सात वर्षांपूर्वी मी आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, आमच्या लेकीकडे, प्रज्ञाकडे शिकागोला गेलो. लोक तिकडे धबधबे बघतात, मी कचऱ्याच्या गाड्या बघितल्या. प्रज्ञा जन्मल्यापासून मस्कतमध्ये वाढलेली, तिचं मराठी अडखळत चालतं. ती म्हणायची, बाबा, प्लीज ट्रकला फॉलो करू नका, लोक पोलीस बोलवतील. मी ऐकतो होय.

न्यूयॉर्कला आठ दिवस होतो. एवढं जगप्रसिद्ध शहर, आणि संध्याकाळ झाली की इमारतीतले लोक काळ्या पिशव्या आणून चक्क फुटपाथवर रचतात. माझ्या छातीएवढा ढीग. जुन्या भागात इमारतींच्या पाठीमागं गल्ल्याच ठेवलेल्या नाहीत, मग जाणार कुठं? उंदरांची चंगळ. आता तिथंही झाकणाचे डबे येऊ लागलेत असं ऐकतो, चांगलं आहे. पण उचल बघावी तर न्यूयॉर्कची. दोन माणसं तो डोंगर बघता बघता गाडीत भरतात. सॅन फ्रान्सिस्कोत उलटं. घरोघर तीन रंगांचे डबे, भाजीची देठं वेगळी, बाटल्या वेगळ्या, बाकीचं वेगळं. मी हात जोडले. पण त्याच शहरात स्टेशनाजवळच्या दोन रस्त्यांवर माणसं फुटपाथवर झोपलेली, आणि त्यांच्या भोवतीच्या घाणीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. डब्यांचे रंग त्या रस्त्यापर्यंत पोचलेले नव्हते.

न्यूयॉर्कची एक गोष्ट मात्र मनात रुतून बसली. एका सकाळी मी गाडीच्या मागं उभा राहून बघत होतो तेव्हा त्यातला एक गडी, पन्नाशीचा, आडव्या अंगाचा, थांबला आणि काय हवंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी पण याच धंद्यातला, ओमानमधला. तो खूश. हातमोजा काढून हात मिळवला, आमच्या उन्हाची चौकशी केली. मग छाती पुढं काढून म्हणाला, की त्याचा बापही याच खात्यात होता, याच भागात तीस वर्षं. आणि त्यानं मला विचारलं, तुझे वडील काय करायचे? मी म्हणालो, महापालिकेत होते, ऑफिसात. ऑफिसात हा शब्द असा सहज निघाला, जसा काही तेल लावून ठेवला होता. परक्या देशात, परक्या माणसापुढं, ज्याला माझी जात माहीत नाही की गाव माहीत नाही, त्याच्यापुढं सुद्धा मी दादांना खुर्चीवर बसवून आलो.

शिकागो मला सगळ्यांत आवडलं. तिथं घरांच्या पाठीमागून सरळसोट गल्ल्या काढल्यात. कचऱ्याचे डबे त्या मागच्या गल्लीत, गाडी मागच्या गल्लीत, आवाज आणि वास मागच्या मागं. पुढचा रस्ता लख्ख, फुलांच्या कुंड्या लावलेला. खांबांवर उंदरांपासून सावध राहायच्या पाट्या होत्या, त्या मी वाचल्या आणि सोडून दिल्या. कचरा पाठीमागं आणि दर्शनी भाग स्वच्छ, हे मला एवढं का भावलं, ते मला तेव्हा कळलं नाही. मी पन्नासेक फोटो काढले.

परत आलो तो डोक्यात खूळ घेऊनच. माझ्याकडे तेव्हा रुवी आणि हमरिया होतं. हमरिया म्हणजे जुनी, खच्चून भरलेली वस्ती. खाली छोटी दुकानं, वर एकेका खोलीत पाच-सहा माणसं. रस्त्याच्या कडेला मोठ्या, उघड्या, लोखंडी कुंड्या होत्या. दिसायला ओंगळ. मी योजना मांडली, की लोखंडी कुंड्या हटवायच्या, त्यांच्या जागी झाकणाच्या, चाकांच्या प्लास्टिक कुंड्या आणायच्या आणि त्या रस्त्यावर न ठेवता इमारतींच्या मधल्या मागच्या गल्ल्यांत ठेवायच्या. हेल्परनं ढकलत गाडीपर्यंत आणायच्या. शिकागोचे फोटो पडद्यावर दाखवले. आमचा मुदीर, म्हणजे ओमानी मॅनेजर, भला माणूस, तो म्हणाला, यल्ला, चला, करा. शिवाय त्याच वर्षी सगळ्या मस्कतच्या ऑपरेशन्सची जागा रिकामी होणार होती आणि ती मला मिळणार असं ऑफिसात बोललं जात होतं.

त्या रूटवरचे ड्रायव्हर होते इब्राहिमभाई. दापोलीकडचे. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, मेंदी लावलेली दाढी, मितभाषी माणूस. बावीस वर्षं ओमानात, त्यातली बहुतेक हमरियातच. साठी पुरी व्हायला वर्ष राहिलं होतं, मग ते घरी जाणार होते. कुंड्या हलवायच्या आदल्या दिवशी मी जागा दाखवायला त्यांना घेऊन गेलो. मिश्काकच्या दुकानामागची गल्ली होती. मिश्काक म्हणजे इथं संध्याकाळी कोळशावर सळईला लावून भाजतात ते मांसाचे तुकडे. गल्लीत दुकानाचे गॅसचे सिलिंडर पिंजऱ्यात ठेवलेले, वर भिंतीला ओळीनं एसीची खोकी. इब्राहिमभाईंनी वर बघितलं, खाली बघितलं.

"साहेब, हितं नको," ते म्हणाले.

मी विचारलं, का? ते सिलिंडरच्या पिंजऱ्यापाशी गेले. मग म्हणाले की गल्ली अरुंद हाय, गाडी आत येत नाय. मी म्हटलं, गाडी यायचीच नाहीये, हेल्पर ढकलतील. ते गप्प झाले. मला वाटलं, झालं, हेल्परचे कष्ट वाढतात म्हणून कुरकुर चाललीय. मी त्यांना शिकागोबद्दल दोन शब्द सांगितले. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले.

दोन महिने झकास गेले. हमरियाचा रस्ता खरोखर देखणा दिसायला लागला. मुदीरनं पाहुण्यांना आणून दाखवला. मी प्रज्ञाला फोटो पाठवून लिहिलं, तुझं शिकागो इथं आणलं. तिनं शाबासकीचा अंगठा पाठवला.

आणि मग एका सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. मिश्काकवाल्यामागच्या गल्लीत आग.

मी पोचलो तेव्हा नागरी संरक्षणाच्या, म्हणजे इथल्या अग्निशमन दलाच्या, गाड्या आलेल्या होत्या आणि आग विझत आली होती. प्लास्टिकची कुंडी वितळून जमिनीवर काळं थारोळं झालेलं. वरचं एसीचं खोकं जळून लोंबत होतं. पहिल्या मजल्यावरची माणसं धुरानं काळवंडलेली तोंडं घेऊन खाली रस्त्यावर बसलेली. कुणी दगावलं नाही. सिलिंडरचा पिंजरा जळत्या कुंडीपासून चार हातांवर होता. त्याला अगदी टेकून दुसरी एक कुंडी होती, ती मात्र जागेवर नव्हती. ती इब्राहिमभाईंनी ओढून बाहेर काढली होती. झाकणाला झळ लागून प्लास्टिक पाघळायला लागलेलं असताना, नुसत्या हातांनी, कारण हातमोजे घालायला वेळ नव्हता. ती पेटली असती तर सिलिंडर फुटले असते, मला हा लेख लिहायला तोंड उरलं नसतं, आणि हमरियातले बरेच जण आज नसते.

झालं असं होतं. मिश्काकवाल्याचा माणूस रात्रीची राख सकाळी कुंडीत टाकायचा. वरून पांढरी, विझलेली दिसणारी राख, पण पोटात निखारा जिवंत. तो हे कित्येक वर्षं करत होता. पूर्वी कुंडी लोखंडी होती, उघडी होती, मोकळ्या रस्त्यावर होती. धुमसली तरी धुमसून विझायची. शिवाय इब्राहिमभाई गाडीत पाण्याचा एक कॅन ठेवायचे आणि त्या कुंडीत राख दिसली की ती उचलण्याआधी वर पाणी मारायचे. हे कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं आणि हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी कुंडी प्लास्टिकची केली, झाकणाची केली, गल्लीत नेली आणि त्यांच्या नजरेआड केली. त्या सकाळी एका दुकानाची पिकअप गल्लीच्या तोंडाशी आडवी लावलेली होती. हेल्परना कुंडी बाहेर काढता येईना. इब्राहिमभाईंनी कागदावर रस्ता बंद अशी खूण केली आणि दुसऱ्या फेरीला येऊ म्हणून पुढं गेले. दुसऱ्या फेरीला आले ते धूर बघूनच.

चौकशी बसली. कागदावर दिसत होतं एवढंच, की ठरल्या वेळी कुंडी उचलली गेली नाही. संध्याकाळच्या आत मुदीरनं मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाला, वरून दबाव आहे, दोन दिवसांत अहवाल हवा. ड्रायव्हरनं कुंडी चुकवली, असं लिही आणि खलास कर. तसाही तो वर्षभरात जाणारच आहे, आता जाईल. तुझं नाव वर गेलंय, त्याला डाग नको. तो हे दुष्टपणानं बोलत नव्हता. माझं भलं करत होता.

तिथून मी दवाखान्यात गेलो. इब्राहिमभाईंच्या उजव्या तळव्याला पट्टी बांधलेली. त्यांना कुणकुण लागलेली होती. आमच्या धंद्यात बातमी गाडीच्या आधी पोचते. मी बसलो, काहीबाही विचारलं.

"साहेब, मला जायचाच हाय," ते म्हणाले. "पन काडून टाकलेला मानूस म्हनून नाय जायचा. गावात लोक इचारतील."

माझं लक्ष त्यांच्या तळव्यावरून हलेना. कारण तसाच तळवा मी लहानपणापासून बघत आलोय. दादांच्या उजव्या तळव्यावर गुळगुळीत, गुलाबी डाग आहे. पुण्यात तेव्हा घरोघर पाण्याचे बंब असायचे आणि बंबातली राख लोक सकाळी कुंडीत आणून ओतायचे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी दादांनी ती राख घमेल्यात हातानं ओढली आणि आतला निखारा हाताला लागला. त्यानंतर ते कोणत्याही कुंडीला हात घालण्याआधी वर उलटा हात धरायचे. तळवा नाही, हाताची पाठ. तिला धग आधी कळते. मी डबा द्यायला कोठीवर जायचो तेव्हा हे शंभरदा बघितलंय. राख, निखारा, कुंडी, पाणी, सगळं माझ्या घरात होतं. मी ते घरातच ठेवून शिकागोला गेलो.

घरी आलो. सुनंदा चहा ठेवत होती, तिला म्हटलं जरा थांब, आणि दादांना फोन लावला. तेव्हा ते ऐंशीच्या पुढं होते, कान शाबूत. मी म्हणालो, "दादा, मी कचऱ्याचं काम करतो. अठरा वर्षं झाली."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, फोन ठेवला. मग मी थांबलोच नाही. गल्ली, कुंडी, राख, आग, सगळं सांगून टाकलं. सांगताना मला रडू फुटलं, पन्नाशी ओलांडलेल्या बाप्याला. सुनंदानं गॅस बंद केला आणि शेजारी येऊन बसली.

मी तयार होतो ते शिव्या खायला. पण दादांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की कुंडी भिंतीपासून किती लांब होती? मी म्हटलं, भिंतीलाच होती. मग म्हणाले, झाकण होतं? होतं. राखेची वेगळी सोय? नव्हती. पाणी? नव्हतं. एकेका उत्तराला पलीकडून नुसता हुंकार. कोठीवर मुकादम हजेरी घेताना करायचा तसा.

"तिथं कुंडी ठेवायला कुणी सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग त्या माणसाचा काय संबंध?"

आणि खरंच फोन ठेवला.

त्या दिवशी मी अहवाल लिहायला बसलो तो पुरा करूनच उठलो. एवढं सरळ मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. जागा निवडण्याचा निर्णय माझा. लोखंडाऐवजी प्लास्टिक आणण्याचा निर्णय माझा. ड्रायव्हरनं जागेवर हरकत घेतली होती, ती मी मानली नाही. रस्ता बंद असल्याची नोंद त्यानं नियमाप्रमाणे केली आणि दुसरी कुंडी बाहेर ओढून मोठा अनर्थ टाळला. खाली सही. दुसऱ्या दिवशी मुदीरच्या हातात दिला. त्यानं तो दोनदा वाचला. विचारलं, हे असंच पाठवू? मी म्हटलं, असंच. एक शब्द बदललात तर मी स्वतः वर नेऊन देईन. त्यानं माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि सही केली. त्या सहीबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे.

पुढचे तीन दिवस मी ऑफिसात पाऊल टाकलं नाही. हमरियातली एकेक मागची गल्ली पायी तुडवली आणि माझ्या हातानं आत नेलेल्या कुंड्या माझ्यासमोर बाहेर काढल्या. लोखंडी कुंड्या यार्डात भंगाराच्या रांगेत उभ्या होत्या, त्या धुऊन, रंगवून परत रस्त्यावर आणल्या. रस्ता पुन्हा ओंगळ दिसायला लागला. कोळशावर भाजणारं जे जे दुकान होतं त्याच्या दाराशी राखेसाठी वेगळा लोखंडी पिंप ठेवला, तळाला वाळू, वर जाड पत्र्याचं झाकण, शेजारी पाण्याचा कॅन. प्रत्येक मालकाला उभं करून सांगितलं, की राख कुंडीत दिसली तर मी तुमच्या दारात खुर्ची टाकून बसेन. दोघांच्या दारात खरोखर बसलो. भर दुपारी, छत्री घेऊन. तिसऱ्याच्या दारात बसायची वेळ आली नाही.

मस्कतची जागा अर्थातच दुसऱ्याला मिळाली. मला सांगण्यात आलं, की इब्रीला अनुभवी माणूस हवाय. इब्री आतल्या मुलखात, रुवीहून गाडीनं तीन तासांवर. शिक्षा म्हणा, बदली म्हणा. सुनंदा प्रज्ञाला सांगताना म्हणाली, तुझे बाबा आता वाळवंटाचं शिकागो करणार. मी तीन वर्षं तिथं काढली आणि पहिल्या महिन्यात दुसरं काहीही केलं नाही, नुसता ड्रायव्हरांच्या शेजारी बसून फिरलो. अमेरिकेहून फोटो घेऊन येणाऱ्या नव्या इंजिनियर मंडळींना मी एवढंच सांगतो. फोटो जरूर काढा, पण नकाशावर रेघ मारायच्या आधी आठ दिवस गाडीत बसा. शिकागोच्या गल्लीतून ट्रक आरपार जातो, हे माझ्या पन्नास फोटोंत स्पष्ट दिसत होतं. तिथं कुणी गल्लीत गॅसचे पिंजरे ठेवत नव्हतं, हेही दिसत होतं. मी फक्त पुढचा रस्ता बघत होतो.

इब्राहिमभाईंची नोकरी राहिली. हात बरा झाल्यावर ते परत त्याच गाडीवर बसले आणि उरलेले महिने काढून वयोमानानुसार सन्मानानं निवृत्त झाले. तसं त्यांच्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं आहे, मी वाचलंय. त्यांच्या शेवटच्या फेरीला मी सुट्टी टाकून इब्रीहून आलो. म्हटलं, आज हेल्पर मी. ते हसले, नको नको म्हणाले, पण मी हातमोजे घालून गाडीवर चढलो. रुवी झालं, हमरियात शिरलो, उजाडलेलं होतं. मिश्काकवाल्याच्या दारात गाडी थांबली. मी उतरलो. पिंपाचं झाकण काढायच्या आधी, काही विचार न करता, उजव्या हाताचा मोजा काढला आणि झाकणावर उलटा हात धरला. थंड होतं. तरी वरून कॅनमधलं पाणी मारलं.

मान वर केली तर इब्राहिमभाई खिडकीतून बघत होते. त्यांनी विचारलं, हे कोणी शिकवलं?

"माझ्या वडिलांनी," मी म्हणालो. "पुण्याला झाडूवाले होते. त्यांचाही हात असाच भाजलाय."

त्यांनी स्टिअरिंगवरचा उजवा हात उचलून तळवा माझ्यासमोर धरला. तळव्यावरचं नवं कातडं गुलाबी दिसत होतं.

"मंग तवाच का नाय सांगितलाव, साहेब?" ते म्हणाले. "मी तुमाला खुर्चीवरचा मानूस समजलो. साहेबाला किती सांगायचा, म्हनून गप ऱ्हायलो. ह्या म्हाईत असता, तर हाताला धरून नेला असता आनि राख दाखवली असती."

मी झाकण परत बसवलं आणि मागच्या पायरीवर चढलो. अजून नऊ कुंड्या बाकी होत्या.